सेन्सरचं तोंड कसं बंद करावं

गाडीच्या इंजिनात, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणाऱ्या वॉल्व्हच्या) आसपास, पितळी बोल्टासारखा एक तुकडा बसवलेला असतो. त्याला मागून दोन वायरी. याचं नाव कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा, आणि हा तुमच्या सुखाच्या मुळावर उठलेला आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला निघावं, मागे पोरं खूश, बायको खूश, आणि याने वर चुगली करावी की इंजिन तापतंय! लगेच डॅशबोर्डवर लाल दिवा. मिसळ बोंबलली. तेव्हा याला गप्प कसं करायचं हे नाशिकच्या वाहनधारकांना कुणीतरी नीट समजावून सांगायलाच हवं होतं.

आधी शत्रूची माहिती. त्या पितळी टोपणात थर्मिस्टर असतो, म्हणजे मँगनीज, निकेल, कोबाल्ट असल्या धातूंची ऑक्साइडं भाजून केलेला एवढासा मणी. गार असताना तो विजेला भरपूर अडवतो, तापला की अडवणं सोडून देतो. वातावरण तापताच विरोध मावळणारे आपल्या महापालिकेतही पुष्कळ पाहिलेत, पण हा पैसे घेत नाही, हीच पंचाईत. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या घरात असतो, 80 अंशांना तो तीनशेवर येतो. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, त्याला एका ठरावीक रोधातून 5 व्होल्ट देतो आणि मण्यावर किती व्होल्ट पडले ते मोजून तापमान ताडतो. तापल्यावर रोध कमी होण्याचा हा गुण शास्त्रज्ञ फॅरेडेने 1833 साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. तेव्हाच कुणी त्याला आवरलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

आता या मण्याच्या शब्दावर काय काय चालतं बघा. थंड इंजिनाला पेट्रोल किती जास्त द्यायचं, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) किती ठेवायचं, रेडिएटरचा पंखा कधी लावायचा, इंजिन फारच तापलं तर एसी कधी तोडायचा. गाडीचे हप्ते तुम्ही भरता आणि निर्णय हा घेतो.

सगळ्यात सोपं म्हणजे सॉकेट ओढून काढा. वायर सुटली की ईसीयूला रोध अनंत दिसतो आणि तो बहुतेक गाड्यांत समजतो की इंजिनच उणे 40 अंशांवर आहे. (उणे 40 हा असा आकडा आहे की सेल्सिअस आणि फॅरेनहाइटचं एकमत होतं. आपल्याकडे तेवढं कशावरच होत नाही.) ईसीयू शहाणा असेल तर उणे 40 वर विश्वास ठेवत नाही, पी0118 असा बिघाडाचा कोड नोंदवतो, दिवा लावतो आणि इंजिन वाचावं म्हणून पंखा सतत फिरवत ठेवतो. म्हणून तर काही मिस्त्री छातीठोकपणे सांगतात, "साहेब, सेन्सर काढूनच टाकला, आता गाडी गरम होणारच नाही." खरंय. फक्त काही गाड्यांत इंजिनाला थंडीच्या हिशेबाने पेट्रोल पाजलं जातं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि एव्हरेज पडतं. पेट्रोल पंपवाल्याशी ओळख वाढते, हा फायदा वेगळा.

पण सॉकेट काढणं हे नवशिक्याचं काम. जाणकार माणूस सेन्सरच्या जागी तीनशे ओहमचा साधा रेझिस्टर जोडतो. दुकानात तो चिल्लर पैशांत मिळतो, आणि ऑनलाइन त्याच्या भावाला इनटेकच्या एअर टेम्परेचर सेन्सरसाठी चकचकीत पाकिटात घालून 'पॉवर चिप' म्हणून विकतात. हा लावला की तुमचं इंजिन कायम 80 अंशांवर. हिवाळा असो, उन्हाळा असो, 80. नव्या गाड्यांचे ईसीयू जरा संशयी असतात, स्टार्ट केल्यापासून आकडा हललाच नाही तर त्यांना वास येतो. जुन्या गाड्या मात्र भोळ्या. चेक इंजिनचा दिवासुद्धा लागत नाही.

या उपायाची गोडी दोन ठिकाणी कळते. एक, जानेवारीत निफाडला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो त्या दिवसांत गाडी रात्रभर अंगणात उभी करा आणि पहाटे चावी फिरवा. ईसीयू म्हणतो, इंजिन तर 80 अंशांवर आहे, जादा पेट्रोल कशाला? स्टार्टर फिरतो, फिरतो, बॅटरी बसते. मग सासरवाडीची सगळी मंडळी मफलर गुंडाळून धक्का मारायला. माणसं जोडली जातात अशाने.

दुसरं ठिकाण कसारा घाट. मुंबईहून लग्न आटपून येताय, गाडीत पाच जण, डिकीत आहेराची भांडी, एसी फुल, पुढे उसाचा ट्रक पहिल्या गियरमध्ये. इंजिन 110 अंशांवर गेलंय. ईसीयूला दिसतात 80. त्यामुळे पंखा लागत नाही, दिवा लागत नाही, काटा मधोमध. सगळे शांत. पहिली बातमी बॉनेटमधून निघालेली वाफच देते. मग तुम्ही उतरायचं, गरम रेडिएटरची कॅप उघडायची (हात भाजला तर घाटाचा नियम समजावा) आणि बाटलीतलं गार पाणी ओतायचं. हेड गॅसकेट (इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं सील) उडालं तर नाशिकपर्यंत टोइंगवाला असतोच, आणि इंजिन सीझ म्हणजे आतून जाम झालं तर तुम्हाला गॅरेजमध्ये खुर्ची मिळू लागते.

मिस्त्री थर्मोस्टॅट काढू का विचारेल. हो म्हणा. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, वॉल्व्ह कशाला हवा?" हे त्याचं वाक्य ऐकून मान डोलवायची. वॉल्व्ह नसलं की इंजिन गारेगार राहतं, सेन्सर बिचारा खरंच सांगतो की अजून तापलं नाही, आणि ईसीयू जादा इंधन देत राहतो. सेन्सर खरं बोलला तरी तुमचंच नुकसान होतं, हे यातून सिद्ध करता येतं.

सेन्सरवर विश्वास ठेवायचाच असेल तर एकाच प्रसंगी ठेवा. होजपाइप फुटून सगळं कूलंट द्वारकेच्या चौकात सांडलं की सेन्सरचं टोक पाण्याबाहेर पडतं. मग त्याला आजूबाजूची हवा कळते, इंजिनाचं खरं तापमान नाही, आणि तो कमी आकडा सांगू शकतो. काटा खाली आलेला पाहून तेव्हा निश्चिंत मनाने ॲक्सिलरेटर दाबावा.

एसीच्या कूलिंग कॉइललाही असाच एक थर्मिस्टर असतो. कॉइल शून्याच्या जवळ गेली की तो कॉम्प्रेसर तोडायला लावतो. त्याला डायरेक्ट मारलं, म्हणजे वगळून वायरी थेट जोडल्या, की कॉइलवर बर्फ जमतो आणि हवा बंद. उन्हाळ्यात महाबळेश्वर बघायला मिळतं, फक्त ते डॅशबोर्डच्या आत असतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीतल्या थर्मिस्टरांना मात्र हात लावू नका. 2022 च्या एप्रिलमध्ये पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरींनी पेट घेतला होता, आणि त्या विषयावर विनोद सुचत नाही.

आणि चुकूनही मल्टिमीटर विकत घेऊ नका. पातेल्यातल्या गरम पाण्यात सेन्सरचं टोक बुडवायचं, ओहम खाली येतात का बघायचं, असली कामं पाच मिनिटांत होतात आणि बहुतेक वेळा सॉकेटमधला गंजच निघतो. गंजाने रोध वाढतो, इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसतं, एवढंच कारण. असं स्वस्तात सुटलं तर चार लोकांत सांगायला काय उरणार?

शेवटी गाडी विकायची वेळ येईल. दिव्यावर आतून काळी पट्टी लावा, जाहिरातीत 'एकच मालक, कंपनी मेंटेन' लिहा, आणि गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी गाडी सातपूरपर्यंत फिरवून आणा, म्हणजे थंड इंजिन चालू करून दाखवायचा प्रसंग येणार नाही. गिऱ्हाईक ईसीयूतले कोड वाचणारा स्कॅनर घेऊन आलं तर त्याला चहा पाजा आणि सांगा, घरच्यांचा विचार बदलला, गाडी आता विकायची नाही.