फिरती खूण

आमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये कामांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक चेकबॉक्स द्यायचा, एवढेच काम होते. वरिष्ठांनी ते ‘तासाभराचे’ म्हणून सांगितले आणि मीही मान डोलावली. तिसऱ्या कामावर खूण केली, ती उमटली, म्हणून समाधानाने यादी खाली सरकवली, तर चौदाव्या कामावरही खूण होती. त्या कामाला मी बोटही लावले नव्हते. परत वर आलो, तेव्हा तिसऱ्या ओळीवरची खूण नाहीशी झाली होती आणि पाचव्या ओळीवर, जणू पहिल्यापासून तेच आपले घर असावे अशा थाटात, बसली होती.

कारण मला ठाऊक नव्हते असे नाही. मुलाखतीत ते मी घडाघडा सांगितले होते. पडद्यावर एका वेळी जेमतेम दहा-अकरा ओळी मावतात, म्हणून दोन हजार कामांसाठी दोन हजार ओळी बांधण्याऐवजी अँड्रॉइडचा रिसायकलरव्ह्यू, म्हणजे यादी दाखवणारा तयार घटक, मोजक्याच ओळी बांधतो आणि वरून बाहेर पडलेली ओळ नव्या मजकुरासह खालून पुन्हा आत आणतो. (२०१४ मध्ये तो येण्यापूर्वी लिस्टव्ह्यूही हेच करीत असे, आणि आयफोनच्या यादीतही हाच काटकसरीचा संसार चालतो.) थोडक्यात, ओळ ही भाड्याची खोली. नवा भाडेकरू आला की मी दारावरची पाटी इमानाने बदलत होतो, पण जुन्याने भिंतीवर केलेली खूण तशीच राहत होती. ओळीत मजकूर भरणाऱ्या माझ्या ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर या फंक्शनमध्ये ‘काम झाले असेल तर खूण कर’ एवढेच लिहिलेले होते. जी खूण केलीच नाही ती पुसायची कशाला, असा माझा सरळमार्गी हिशेब होता.

मग ‘नसेल तर पूस’ हेही लिहिले आणि आगीतून फुफाट्यात पडलो. चेकबॉक्सची अवस्था बोटाने बदलली काय किंवा कोडमधून सेटचेक्ड या आज्ञेने बदलली काय, तिच्यावर कान लावून बसलेल्या लिसनर नावाच्या कोडच्या तुकड्याला दोन्ही सारखेच. तो धावत येतोच. त्यातून हा लिसनर आधीच्या भाडेकरूचा! नव्या कामासाठी मी खूण पुसली, की तो जुन्या कामाच्या नोंदीतून ‘झाले’ हा शेरा काढून टाकी. आता नुसती यादी सरकवली तरी पूर्ण झालेली कामे अपूर्ण होऊ लागली.

वैतागून मी सेटइजरिसायकलेबलला नकार देऊन ओळींचा पुनर्वापरच बंद केला. खुणा शहाण्यासारख्या जागेवर राहिल्या, यादी मात्र अडखळत सरकू लागली. तो पाप्याचा मार्ग सोडून खुणा केलेल्या ओळींचे क्रमांक वेगळे टिपून ठेवले आणि तेवढ्या भरवशावर वरिष्ठांना प्रात्यक्षिक दाखवायला बसलो. त्यांनी दोन कामांवर खूण केली, यादी तारखेनुसार लावली आणि ‘निवडलेली काढून टाका’ हे बटण दाबले. क्रमांक तेच राहिले होते, त्या क्रमांकांवरची कामे बदलली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि त्या संन्याशांत एक काम वरिष्ठांचे स्वतःचे होते.

शेजारी बसणाऱ्या अनुभवी सहकारी बाईंनी माझा कोड पाहिला.

“खूण कुठे ठेवली आहेस?”

“चेकबॉक्समध्ये. आणि ओळीच्या क्रमांकात.”

“म्हणजे दोन्ही भाड्याच्या जागांत. कामाला स्वतःचा आयडी आहे ना?”

होता. खूण त्या आयडीच्या नावाने ठेवली, ओळ भरताना आधी लिसनर काढला, मग सेटचेक्ड केले आणि त्यानंतर लिसनर परत लावला. चार ओळींचा बदल, त्यासाठी माझे तीन दिवस गेले. मी यादी शेवटपर्यंत नेली, वर आणली, उलटसुलट लावली; प्रत्येक खूण आपापल्या कामाशी निष्ठावान राहिली.

वरिष्ठ प्रसन्न झाले आणि म्हणाले, “आता वर एक ‘सर्व निवडा’ तेवढा देऊन टाका, पाच मिनिटांचे काम आहे.” दिला. तो दाबला, की सगळ्या कामांवर खुणा होतात. मात्र त्यातल्या एकाच कामाची खूण काढली, तर ‘आता सर्व निवडलेले नाही’ हे ओळखून वरचा चेकबॉक्स स्वतःची खूण उतरवतो, त्या आवाजाने त्याचा लिसनर जागा होतो, आणि तो उरलेल्या एक हजार नऊशे नव्याण्णव कामांच्या खुणा पुसून पुन्हा झोपी जातो.