किती वाजल्यापासून पाप?

घरी आलेल्या माणसाशी चहा न देता बोलायचं कसं, हे आमच्याकडे कुणालाच येत नाही. विम्याचा एजंट असो, नाहीतर उसनं नेलेलं पातेलं परत करायला आलेलं शेजारचं पोर असो, 'बस' म्हटलं की आत आधण चढतं आणि पुढचं सगळं बोलणं त्या आधणाच्या भरवशावर चालतं. अशा या आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या दोन मिशनऱ्यांना भाड्यानं दिल्या.

एक अमेरिकेतल्या युटाचा, दुसरा हैदराबादचा. दोघंही विशीतले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. वाड्यावर बरेच दिवस लोक त्यांना औषध कंपनीचे समजत होते. कर्ज थकलेले एक गृहस्थ तर ते दिसले की मागच्या दारानं निघायचे. या पंथातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडतात, स्वतःच्या किंवा आईबापांच्या खर्चानं राहतात आणि पाठवतील तिथे जाऊन धर्माचं काम करतात. गाव आपण निवडायचं नाही. सोबतीही नाही. आणि त्या सोबत्याला नजरेआड करायचं नाही. एकाचे केस वाढले की न्हाव्याकडे दोघं. एकाचं पोट बिघडलं की घरात दोघं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढा वेळ एकमेकांशेजारी आम्ही सत्यनारायणालासुद्धा बसलेलो नाही.

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. सोमवार कपड्यांचा. पावसाळ्यात गोव्यात पांढरा शर्ट वाळवणं ही काय परीक्षा असते ते युटाच्या वाळवंटाकडून आलेल्या पोराला काय माहीत? आठवडा संपेपर्यंत शर्टांना बुरशीचा वास आणि खाली लाल मातीची किनार. बिचारे तरी टाय सोडत नव्हते.

हे सगळं आम्ही गोड मानून घेतलं. पण चहा?

त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना 1833 साली जो दृष्टांत झाला, त्यात दारू आणि तंबाखूबरोबर 'गरम पेयं'ही वर्ज्य ठरली. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असं पंथ सांगतो. हे आम्हाला कळलं तेव्हा दोन कप पोरांच्या पुढ्यात आलेले होते. ते परत आत नेणं अपशकुनी, म्हणून मी प्यालो. मग तसा पायंडाच पडला. हिचा हात सवयीनं चार कपांचं आधण ठेवायचा आणि तीन कप माझ्या वाट्याला यायचे. धर्मपालन ते करत होते, पित्त मला होत होतं.

हिनं त्यातून एवढाच अर्थ काढला की पोरांना गरम चालत नाही. झालं. भर श्रावणात कोकम सरबत, थंड दूध, थंड सोलकढी. पोरं शिंकत शिंकत पीत होती. यजमानाला 'नको' म्हणू नये असं त्यांना कुणी शिकवलं असावं. "घे मरे, गरम ना तें," म्हणत ही आणखी ओतायची.

ते आले तेव्हा काजूचा मोसम होता. सत्तरी तालुक्यातून माझ्या भाच्यानं निरो पाठवला, काजूच्या बोंडांचा ताजा रस. सकाळी तो सरबतासारखा गोड असतो. ऊन चढलं की आपल्या आपण आंबायला लागतो. ठेवणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी. युटाच्या पोरानं पेला हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, हे किती वाजल्यापासून पाप?" मी त्याला दहापर्यंत मुदत दिली. कुठल्या अधिकारानं दिली, हे विचारू नका.

पुढचा पेच पावाचा. गोव्यात पूर्वी पावाचं पीठ सुरेनं, म्हणजे माडीनं फुगवत, ही माहिती मी अभिमानानं पुरवली आणि हैदराबादच्या पोराचा घास तोंडाशीच थांबला. दुसऱ्या दिवशी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजताच दोघंही खाली धावले. दोघंही, अर्थात. पोदेर हसत सुटला. "सूर? अरे, सूर काडपाक आतां मनीस खंय मेळटा?" माडावर चढणारे रेंदेर कमी झाले म्हणून आम्ही गोंयकार हळहळतो. त्या बातमीनं कुणाचा तरी जीव भांड्यात पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

धर्माचं म्हणाल, तर त्यांनी मला फारसं काही सांगितलं नाही. मी निवृत्त मराठी शिक्षक; समोरच्याला बोलायला फट सापडायला हवी ना! उलट मीच त्यांना फादर स्टीफन्स ऐकवला. 1579 मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट, त्यानं इथे राहून मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं आणि ते 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. "आणि तुम्हाला अजून 'इथे बस थांबते का' विचारता येत नाही!" युटाचा विचारात पडला. "त्यांना किती वर्षं मिळाली होती?" चाळीस, मी म्हटलं. "मला दोनच आहेत, सर." आतून ही म्हणाली, "आणि त्या पाद्रीला कुणी दिवसातून तीनदा चहाचा आग्रहही करत नव्हतं." टोमणा मला होता.

तेव्हा या मुलांना घरी बोलायची परवानगी वर्षातून दोनदाच असे, नाताळात आणि मातृदिनाला. 2019 पासून दर आठवड्याला बोलता येतं म्हणतात. नाताळचा व्हिडिओ कॉल आमच्या संगणकावरून झाला. पडद्यावर आई रडली, पोरगा रडला, नात्याचा काही संबंध नसताना हैदराबादचाही रडला. मी नेवऱ्यांचं ताट घेऊन उभा. एवढ्यात ही पुढे झाली. तिच्या मनात मार्चपासून एकच प्रश्न घोळत होता.

"बाय, युवर सन, नो टी. गेस्ट कम, यू गिव्ह व्हॉट?"

पलीकडून उत्तर आलं, "हॉट चॉकलेट."

"हॉट?"

"व्हेरी हॉट," बाई प्रेमानं म्हणाल्या.

हिनं वळून दोन्ही पोरांकडे पाहिलं. हैदराबादचा घाईघाईनं खुलासा करू लागला: आंटी, गरमपणाशी वैर नाही, चहाच्या पानाशी आहे. दूध गरम चालतं, आल्याचा काढा चालतो, सूप चालतं, सगळं चालतं.

"आणि भर पावसात मी थंड सरबत देत होते, तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं देत होता..." युटाचा पुटपुटला.

संध्याकाळी बोर्नव्हिटाचा मोठा डबा घरात आला. हैदराबादच्या पोरानं वाफाळत्या कपात बिस्किट बुडवलं आणि डोळे मिटले. इराणी चहा सोडून आलेला तो पोरगा. कुठल्या हॉटेलात जाऊन बसला होता ते मी विचारलं नाही. मी सवयीनं माझ्या कपाची वाट पाहत होतो.

"तुमचा चहा तुम्ही करून घ्या," ही आतून म्हणाली, "मोठं पातेलं मला दुधाला लागतंय."