मडगार्ड काढायला सांगणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

पहिला पाऊस पडला की सायकलवाल्यांच्या ग्रुपांत एक फॉरवर्ड हमखास उगवतो. ‘मडगार्ड काढा, सायकल मोकळी करा’ असा त्याचा सूर. वजन वाढतं, पावसात तसंही भिजायचंच असतं, चिखल अडकून चाक जाम होतं, खडखड वाजतं, रेसवाले लावत नाहीत, आणि फारच वाटलं तर सीटखाली प्लास्टिकची एक पट्टी पुरते, असे त्यातले मुद्दे. टेकडीवर मातीत सायकल घालणाऱ्यासाठी यातलं थोडंफार खरंही आहे. पण मजकूर पोचतो तो कोथरूडहून हिंजवडीला, नाहीतर ठाण्यात घरापासून स्टेशनपर्यंत सायकलने जाणाऱ्यांकडे. त्यांनी तो मनावर घेऊ नये.

वजनाचं आधी मिटवू. प्लास्टिकच्या मडगार्डांचा जोड आधाराच्या काड्या-स्क्रूंसकट अर्धा ते पाऊण किलो भरतो. चालवणारा, सायकल, डबा आणि लॅपटॉप मिळून ९० किलो धरा. म्हणजे वाढ एक टक्क्याहूनही कमी. दहा मिनिटांच्या चढाला फार तर पाच सेकंद जास्त लागतील. महिनाभर हवा न भरलेले टायर याहून कितीतरी जास्त वेग खातात, त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

आता ‘तसंही भिजायचंच आहे’. वरवर पटणारा हाच मुद्दा आहे आणि घोळही इथेच आहे. पुण्यात पाऊस सरींनी येतो. सर दहा मिनिटांत जाते, रस्ता मात्र पुढे तासभर ओला राहतो. रेनकोट घडी करून बॅगेत गेलेला असतो आणि तुम्ही कोरड्या आभाळाखाली भिजत असता, तेही कसल्या पाण्याने? गाड्यांचं गळलेलं तेल, टायरांची काजळी, शेण आणि उलट्या वाहणाऱ्या गटाराचा प्रसाद, सगळं एकत्र. पावसात भिजलेला शर्ट दांडीवर वाळतो. हे डाग साबणाला दाद देत नाहीत.

पाणी उडतं कसं तेही पाहा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना टायरच्या कडेवरचं पाणी सायकलच्या मानाने त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरने सुटतं. सरळ वर गेलं तर ते दीड मीटर चढेल. मागच्या चाकाची मागची बाजू वर जात असते, म्हणून पाठीवर मानेपर्यंत ती ओळखीची काळी रेघ उमटते. पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेलं पाणी पुढे उडतं आणि तुम्ही त्याच्यातच तोंड घालता. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, सूचना निघतात. साचलेल्या पाण्यातले हे जंतू जखमेतून शिरतात, तसेच डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतूनही. तुंबलेल्या रस्त्यातून बिनमडगार्डची सायकल घालायची म्हणजे ते पाणी आपल्याच हाताने तोंडावर मारून घ्यायचं. फ्रेमला लावलेली पाण्याची बाटलीही नेमकी त्याच माऱ्यात असते. तिचं तोंड एकदा पावसाळ्यात निरखून बघा.

पण लोक विसरतात ते पुढच्या चाकाची खालची, मागची बाजू. तिथून सुटलेलं वाळूमिश्रित पाणी थेट तुमच्या बुटांवर, चेनवर आणि पायडलच्या एक्सलवर जातं. तेलात बसलेली ही वाळू चेनच्या पिना आणि फ्रीव्हीलचे दात घासत राहते. एक्सलच्या कपात पाणी गेलं की छर्रे गंजतात आणि दर फेरीला कटकट सुरू होते. म्हणूनच ‘मागचं लावा, पुढचं राहू द्या’ म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. कपडे वाचवतं ते मागचं, सायकल वाचवतं ते पुढचं, आणि दोन्हींतलं एकच परवडत असेल तर मी पुढचं घेईन. त्याला खाली लवचीक फ्लॅप हवाच, जमिनीपासून चार-पाच बोटांवर येणारा. जुन्या काळ्या ॲटलास-हिरोवर रेक्झिनची ती झालर असायची. शोभेची वाटायची, पण काम नेमकं हेच करायची. (मागच्या मडगार्डच्या शेपटीवर पांढरा पट्टा आणि लाल रिफ्लेक्टरही असायचा. मडगार्डबरोबर रात्री दिसण्याची ती सोयही गेली.)

‘चिखल अडकून चाक जाम होतं’ हे मात्र काळ्या मातीत शंभर टक्के खरं. ओल्या काळ्या रानातल्या पाणंदीवर मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट पन्नास पावलांत गच्च होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तिथे काढूनच ठेवा. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर तसा चिखल येणार कुठून? शहरातला खरा धोका वेगळा आहे, आणि तो फॉरवर्डवाल्यांना सुचलेला नाही. एखादी काटकी किंवा तारेचा तुकडा पुढच्या चाकाबरोबर वर ओढला गेला तर मडगार्ड चुरगळून चाक अडवू शकतं. यावर उपाय आहे. चांगल्या जोडांत पुढच्या काड्या अशा क्लिपांत बसवलेल्या असतात की जोर आला की त्या आपोआप सुटतात. घेताना दुकानात तेवढं ओढून बघा. फटही बोटभर ठेवा, टायरला चिकटवून बसवू नका. मडगार्ड टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडं रुंद हवं, नाहीतर पाणी कडेने सुटतंच.

खडखड? ती मडगार्डची नाही, ढिल्या स्क्रूची. काडीच्या टोकाला नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहसा ढिला न होणारा) नट लावा आणि पत्रा फ्रेमला टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. सायकलवाले काका हे काम चहा निवेपर्यंत करतात. पत्र्याचं मडगार्ड असेल तर आतल्या बाजूचा चिखल अधूनमधून धुवा, गंज तिथूनच धरतो.

रेसवाल्यांचं उदाहरण मला सर्वांत करमणुकीचं वाटतं. त्यांच्यामागे गाडी असते, शर्यत संपली की कोरडे कपडे घेऊन माणूस उभा असतो, आणि दहाच्या मीटिंगला त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. शिवाय ब्रिटनमधल्या कित्येक क्लबांत हिवाळ्यातल्या सामूहिक फेरीला मडगार्ड लावूनच या असा रिवाज आहे, कारण तुमच्या चाकाचं पाणी मागच्याच्या तोंडावर जातं. वारजे पुलावर तुमच्या मागे स्कूटरवर बसलेल्या काकूंचंही म्हणणं तेच असणार.

राहिली सीटखालची पट्टी. बूड कोरडं ठेवते, एवढं श्रेय तिला देऊ. पाठीची रेघ थोडी तोकडी होते, पाय, चेन, बाटली, मागचा माणूस सगळे होते तिथेच. पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलींना काड्या लावायला बहुतेक भोकंच नसतात, तिथे क्लिपवाल्या मडगार्डवर भागवावं लागतं, आणि ते अर्धंच काम करतं. साध्या फोर्कला भोकं नसतील तर पी-क्लिप (दांडीभोवती आवळायची छोटी पट्टी) घालून पूर्ण मडगार्ड बसवता येतं. नवी सायकल घेत असाल तर फोर्कच्या आणि मागच्या एक्सलजवळ ही भोकं आहेत का ते आधी बघा, गिअर नंतर मोजा.

आणि ऑक्टोबरात काढून ठेवायचीच असतील तर स्क्रू रिकाम्या भोकांतच परत पिळून ठेवा, ग्रीसचा थेंब लावून. नाहीतर जूनपर्यंत आट्यांत माती बसते, आणि नवं मडगार्ड हातात घेऊन तुम्ही टॅप मारणारा (आटे पुन्हा पाडून देणारा) शोधत फिरता.