‘बारा व्होल्टला काय घाबरायचं?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

फवारणी सुरू झाली की यवतमाळ-वाशीमकडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मतलब असा: पाचशे-सातशेचा स्पॉट वेल्डर बोर्ड (पट्टी सेलला ठिपक्यांनी वेल्ड करणारं सर्किट) मागवा, घरातली कोणतीही बारा व्होल्टची बॅटरी त्याला लावा, जुन्या लॅपटॉपचे सेल निकेल पट्टीनं जोडा, पंपाची बॅटरी तयार. पट्टी चुंबकाला चिकटली तर लोखंडाची, परत करा. चार्जर पंपाचाच चालतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून धोका शून्य.

मी फवारणी पंप दुरुस्त करतो आणि माझ्या टेबलावरही असाच बोर्ड आहे. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धंच सांगितलंय.

शॉक बसत नाही, कबूल. पण पट्टी वितळते ती करंटनं. काही मिलिसेकंद शेकडो अँपिअर वाहतात आणि दोन ठिपक्यांवर पट्टी सेलला धरते. तेवढ्याच वेळापुरतं चालू-बंद करायचं काम बोर्डावरच्या मॉस्फेटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचं. आता हा मॉस्फेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा बंद पडत नाही, शॉर्ट होऊन चालूच राहतो. तुम्ही बटण सोडता, करंट थांबत नाही. पट्टीवर टेकवायच्या दोन वेल्डिंग पेनांची टोकं तिला चिकटतात, वायरीतून धूर निघायला लागतो, आणि बॅटरीचा नट खोलायला पाना कुठं ठेवलाय ते आठवत नाही. म्हणून बॅटरी नटानं कसून जोडायचीच नाही. एका हिसक्यात निघेल असा जाड कनेक्टर प्लसच्या वायरीत हवा. काम करताना अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांत अडकलं तर कडं क्षणात लाल होतं, तिथं बारा व्होल्ट पुरे. डोळ्यांवर चष्मा हवाच, ठिणगी वितळलेल्या धातूची असते.

‘कोणतीही बॅटरी’ हेही खोटं. यूपीएसची सात अँपिअर-अवरची बॅटरी लावली तर बहुधा पट्टी नुसती काळी पडते. ट्रॅक्टरची लावली तर बोर्डाला सोसत नाही एवढा करंट येतो आणि वर सांगितलेला प्रकार घडतो. बोर्डाच्या पत्रकात किती करंटची बॅटरी चालते ते दिलेलं असतं, तेवढीच घ्या. साधारण छोट्या कारची चांगली बॅटरी जमते. ती चार्जिंगला असताना मात्र वेल्डिंग नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तुम्ही शेजारी ठिणग्या पाडताय.

चुंबकाचं तर हसूच येतं. शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटतं, बाप्पा! खरी परीक्षा म्हणजे पट्टीवर कानशीनं ओरखडा काढायचा आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची. सकाळी ओरखडा तांबूस दिसला तर आत लोखंड आहे.

लॅपटॉपच्या सेलबद्दल एकच गोष्ट नीट पाहून घ्या. प्लसच्या टोपीभोवतीची गोल कड मायनसची असते; मध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टण. त्यावरून पट्टी गेली आणि प्लास्टिक कापलं की सेल जागेवरच शॉर्ट. तिथं कागदी इन्सुलेटर रिंग बसवल्याशिवाय पट्टी ठेवू नका. सेटिंग आधी निकामी सेलवर तपासा: पक्कडीनं पट्टी ओढल्यावर तिला भोकं पडून ठिपके सेलवर राहिले तर वेल्ड पक्कं, अख्खी सुटली तर कच्चं. करंटचा जोर जास्त झाला तर सेलच्या बुडाचा पातळ पत्रा फुटतो आणि गोडसर वास येतो. असा सेल लगेच अंगणात, घरापासून दूर. दोन व्होल्टच्या खाली गेलेले सेल पॅकमध्ये घालूच नका, आणि बीएमएस, म्हणजे सेल जास्त भरू किंवा जास्त रिकामे होऊ न देणारं सर्किट, लावल्याशिवाय पॅक बांधू नका.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप चार्जरवर आहे, आणि मेसेजात ते वाक्य सगळ्यात सहज येऊन जातं. पंपाचा चार्जर लेड-ॲसिड बॅटरीसाठी असतो, साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. लॅपटॉपचे सेल लिथियमचे; सिरीजमधले, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेले, तीन सेल १२.६ ला भरतात. १४.४ ला तिनानं भागा: एका सेलला ४.८ व्होल्ट, मर्यादा ४.२ ची. मधे फक्त बीएमएस उभा, तोही स्वस्तातला. तो अडकला त्या रात्री पंप घरात चार्जिंगला असतो. १२.६ चा लिथियम चार्जर वेगळा घ्यावाच लागतो. शिवाय बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत मे महिन्यात फवारणी असेल तर टिनाखाली भर दुपारी चार्जिंग नको. पहाटे किंवा रात्री उशिरा लावा, तेही डोळ्यांसमोर.

आता खर्च. बोर्ड, पट्टी, बीएमएस, रिंगा, नवा चार्जर, वर कारची बॅटरी. एका पंपासाठी हा हिशोब कास्तकाराला परवडत नाही. त्यानं बीएमएससकट तयार लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरसोबत घ्यावी. गावातले पंप ज्याच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यानं बोर्ड जरूर घ्यावा.