नवरा बिघडला की माकड

नवरा बिघडला की माकड (३).

हे वाक्य वाचून सर्वसाधारण माणूस हसतो. विवाहित पुरुष थोडा दुखावतो. गूढकोड्यांचा नाद लागलेला माणूस यातलं काहीच करत नाही, तो बोटांवर अक्षरं मोजतो. न, व, रा. तीन. कंसातही तीनच. मग तो ‘वानर’ असं पुटपुटतो आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा पडतो. कारण वानर म्हणजे वा, न, र. नवऱ्यात काना शेवटच्या अक्षराला होता, वानरात तो पहिल्या अक्षराला जाऊन बसला. हा काना तिथून इथे कुणी नेला आणि कुणाला विचारून नेला, यात आमच्या टोळक्याचे पुढचे दोन दिवस जातात.

ज्यांना अजून ही बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या शब्दकोड्यात ‘माकड’ विचारतात, आपण ‘वानर’ लिहितो, चहा गार व्हायच्या आत कोडं संपतं. गूढकोड्यातलं शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारं वाक्य, उत्तर दोनदा सांगतं. एकदा सरळ अर्थाने, एकदा अक्षरांच्या खेळातून. आणि ही दोन्ही सांगणी एका साळसूद वाक्यात शिवलेली असतात. अर्थ नेहमी वाक्याच्या एका टोकाला असतो, डोक्याशी किंवा शेपटीशी, मधे कधीच नाही. त्यामुळे वाक्य काय सांगतंय ते आधी विसरायचं. मग दोन्ही टोकं दाबून बघायची, आंबा पिकलाय का बघतात तशी.

उदाहरणार्थ, ‘सगळा कळस ढासळला (३)’. डोळ्यांसमोर पडकं देऊळ उभं राहतं. ते पुसून टाकायचं. ‘ढासळला’ हा इशारा आहे, की शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कटा. क-ळ-स विस्कटून स-क-ळ, आणि सकळ म्हणजे सगळा. देवळाचा काही संबंध नव्हता.

असल्या इशाऱ्यांच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. बिघडला, नासला, पिसाळला, झिंगला, यातलं काहीही दिसलं की अक्षरांची उलथापालथ. उलटला, परतला, माघारी फिरला, की शब्द शेवटून वाचायचा: ‘नका म्हटलं की उलट ऐकणारा (२)’ म्हणजे कान. पोटात, मनात, अंगात असं आलं की एक शब्द फाडून त्यात दुसरा कोंबायचा: ‘हा अंगात शिरला की पाण्याची ओढ (३)’. इथे कुणालाही झपाटलेलं नाही. अंग म्हणजे तन, त्यात ‘हा’ शिरला, तहान झाली. आणि ‘बिनडोक’ हा शब्द तर कोडी रचणाऱ्यांसाठीच घडवला असावा. पहिलं अक्षर उडवायचं. ‘माणूस काय, राक्षस काय, बिनडोक केला की नऊ (२)’. मानवाचा मा उडवा, दानवाचा दा उडवा, खाली ‘नव’च उरतं. हे सूत्र मला मनापासून आवडतं, त्यात तत्त्वज्ञान आहे असा आरोप होत असला तरी.

आता या छळाची वंशावळ. पहिलं शब्दकोडं आर्थर विन याने रचलं आणि ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं. हिऱ्याच्या आकाराचं, आणि सरळ अर्थ विचारणारं. त्याला गूढ केलं ते इंग्रजांनी. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून जो रचनाकार छळू लागला त्याचं टोपणनाव टॉर्कमाडा. १९३९ मध्ये त्याच्या गादीवर झिमेनीझ आला, १९७२ मध्ये एझेड. टॉर्कमाडा आणि झिमेनीझ ही स्पेनमध्ये पाखंडी लोकांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायपीठाच्या प्रमुखांची नावं. एझेड म्हणजे असाच आणखी एक प्रमुख डेझा, रोमन लिपीत उलटा लिहिलेला. निदान नावं तरी प्रामाणिक आहेत. (देवनागरीत मात्र डेझा उलटला की ‘झाडे’ होतात. अक्षर आणि रोमन लेटर यांतला फरक इतक्या थोडक्यात मला आणखी कुणी समजावलेला नाही.)

याच एझेडने झिमेनीझच्या शिस्तीचं सार तीन कलमांत सांगितलं. अचूक व्याख्या, अक्षरखेळाचा रास्त निर्देश, आणि तिसरं, याखेरीज काहीही नाही. पहिल्या दोन कलमांवर फारशी भांडणं होत नाहीत. तिसऱ्यावर मैत्र्या तुटतात.

समोरच्या पक्षातही थोर माणसं आहेत. ‘गार्डियन’मधला आरोकेरिया हा पेशाने पाद्री, पण नियमांच्या बाबतीत सैल हाताचा. वाक्य गंमतीचं आणि उत्तर हाती लागणारं असलं की झालं, अशी त्याची वृत्ती होती. त्याने टोपणनाव घेतलं ते एका झाडाचं, आणि त्या झाडाला इंग्रजीत चक्क ‘माकडाचं कोडं’ म्हणतात. म्हणजे फिरून आपण माकडावरच आलो.

तर तो काना. कडक पक्षाचं म्हणणं असं: मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं. ‘स्वातंत्र्य’ एवढा लांबलचक दिसला तरी घरं तीनच, स्वा-तं-त्र्य. घरात रा बसला की तो काना-र असा सुटा होत नाही, जसा विटेचा रंग वेगळा काढून दुसऱ्या विटेला देता येत नाही. म्हणून नवरा बिघडून ‘रावन’ होईल, ‘वरान’ होईल, वानर होणार नाही. सैल पक्ष म्हणतो, नवरा एकदा बिघडला की पूर्ण बिघडतो, काना जागेवर ठेवून कोण बिघडतं? मी कडक पक्षात आहे. वेलांटी-कान्यांना मोकळं सोडलं तर उभ्या-आडव्या शब्दांच्या छेदाला अर्थच राहत नाही. मराठी शब्द तीन-चार अक्षरी, त्यामुळे छेद मुळात कमी मिळतात. पण जो मिळतो तो मात्रेसकट मिळतो, आणि तोच आपला आधार. ‘कि’ लिहिलेल्या घरातून ‘की’ जाऊ द्यायची ठरवली, तर मग चौकट आखायची तरी कशाला?

वेलांटीचंही वेगळं प्रकरण आहे. १९६२ पासूनच्या नियमांनी शब्दाच्या शेवटी ‘कवी’ दीर्घ, पण समासात शिरला की ‘कविमन’ ऱ्हस्व. म्हणजे कवीला मन जोडून कविमन करणारं सूत्र वाटेत एक वेलांटी उलटी फिरवतं. वाचायला बिनचूक, घरात चूक.

इंग्रज रचनाकाराला विभक्तीचा त्रास नाही. आपल्याकडे ‘नवऱ्याला बिघडवलं’ असं लिहिलं, की कच्चा माल न-व-ऱ्या-ला झाला, नवरा गेलाच. म्हणून विस्कटायचा शब्द प्रथमेत, अंगावर प्रत्यय नसलेलाच ठेवावा लागतो. यातून सोडवणाऱ्याला एक युक्ती मिळते. एखादा शब्द प्रत्ययाविना उघडा उभा असेल आणि शेजारी मोडतोडीचं क्रियापद असेल, तर संशय तिथेच घ्यायचा. दुसरी गळती लिंगाची. ‘राबणारा’ लिहिलं की उत्तर पुल्लिंगी, हे फुकटात कळतं. ‘काम थंड पडलं तरी राबणारा (४)’ यात काम अधिक गार, कामगार, हे त्या एका ‘रा’मुळे लवकर सुटतं. मुरलेले रचनाकार म्हणून क्रियापद टाळतात आणि व्याख्येत नुसती नामं ठेवतात. उलट एक सवलत फक्त आपल्याला आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे उषा, वसंत, सागर ही माणसं आहेत की पहाट, ऋतू आणि समुद्र, हे वाक्य शेवटपर्यंत सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठा अपघात ळचा. आडवा शब्द: ‘अनेक मलमांत सापडतं फूल (३)’. माणूस ‘फूल’ वाचतो, ‘तीन’ वाचतो आणि पेनाने ‘कमळ’ लिहून मोकळा होतो. पेनाने! तिसऱ्या घरातून खाली जाणाऱ्या शब्दाचं सूत्र असतं ‘ठेका उलटला की वेल (२)’. आता मराठीत ळने सुरू होणारा शब्द नाही. तरी तो माणूस अर्धा तास ‘ळ’कडे बघत बसतो. आधी त्याला रचनाकाराचा संशय येतो, मग शब्दकोशाचा. स्वतःचा सगळ्यात शेवटी. तेव्हा कुठे तो आडव्या सूत्राकडे परत जातो आणि त्याला दिसतं, की फूल कुठे आहे ते सूत्राने उघड सांगितलं होतं. अने‘क मल’मांत. कमल. ळ नाही, ल. खाली ताल उलटून लता. उत्तर सुचलं तरी फोड, म्हणजे ते अक्षरांतून कसं निघालं ते, जमेपर्यंत पेन्सिलच हातात ठेवावी, हे सगळ्यांना माहीत आहे. पाळत कुणी नाही, मीही नाही.

चर्चेचे अलिखित नियम असतात. अडलेल्याला मदत तीन पायऱ्यांनी करायची. आधी व्याख्या कुठल्या टोकाला आहे ते सांगायचं, मग खेळाचा प्रकार सांगायचा, आणि अगदीच रडकुंडीला आला तर एक अक्षर. प्रत्यक्षात सूचना देणारे दोनच जातीचे भेटतात. एक म्हणतो, “सोप्पं आहे हो, नीट वाचा.” दुसरा म्हणतो, “फूलच, पण ळ नाही.” तिसरी जात उत्तर जाहीर झाल्यावर उगवते आणि आपल्याला वाचताक्षणी सुटलं होतं असं सांगते. शिवाय एक सज्जन वर्ग असतो, ज्याला उत्तर येतं पण फोड येत नाही. हे लोक ‘वानर, पण का?’ एवढंच विचारतात आणि सगळ्यांची झोप घालवतात.

१९४२ च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने १२ मिनिटांत गूढकोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि त्यातल्या काहींना पुढे शत्रूचे गुप्त संदेश फोडायच्या कामाला बोलावलं गेलं. आमच्या टोळक्याला बोलावलं असतं तर संदेश फुटला असता, पण त्यातल्या एका कान्यावर एकमत होईपर्यंत युद्ध संपलं असतं.

या नादाचा उपद्रव कोड्यापुरता राहत नाही. ‘पक्षात फूट’ या मथळ्यात आम्हाला राजकारण दिसत नाही, दोन भागांत तुटलेला एक तीन अक्षरी शब्द दिसतो. ‘पोट बिघडलंय’ असं कुणी कळवळून सांगितलं तरी मन आधी ट आणि पो यांची अदलाबदल करून बघतं, औषधाचं नंतर सुचतं.

तर नवऱ्याचं पुढे काय झालं. दोन दिवसांनी कुणीतरी दुरुस्ती आणली: ‘वा! पुरुष म्हणजे निव्वळ माकड (३)’. वा अधिक नर. काना जिथल्या तिथे, विनोद शाबूत, दोन्ही पक्ष खूश. मग तिसऱ्या कलमाचे भक्त जागे झाले. ‘निव्वळ’ कशासाठी? काढा. काढला. मग प्राणिशास्त्रवाले आले. माकड वेगळं, वानर वेगळं. माकडाचं तोंड लालसर, वानराचं काळं आणि शेपूट भली लांब. अचूक व्याख्या हे पहिलं कलम आहे, साहेब. हेही खरंच. मग सूत्र पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं, आणि सर्वानुमते असं ठरलं: ‘वा! पुरुष म्हणजे लांब शेपटीवालाच (३)’.

पाच मिनिटं शांतता. मग एकाने विचारलं, “सगळं ठीक आहे, पण हा शेवटचा ‘च’ इथे काय करतोय?”