गाडी चालवू नका म्हणता, मग नेऊन तरी सोडा

अपस्माराच्या, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याच्या आजाराच्या, रुग्णांचा प्रवासखर्च सरकारने का उचलावा, असा प्रश्न नुकताच एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला विचारला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये फिट येते का, हे सरकारच विचारते आणि उत्तर ‘होय’ असेल तर परवाना नाकारते. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग हातात असताना फिट आली तर काय होईल, हे मला कोणी समजावण्याची गरज नाही, बंदी असावीच. परंतु ज्याला तुम्ही गाडी चालवू देत नाही, त्याने दवाखान्यात जायचे कसे, याची जबाबदारी तुमची नाही का?

आमच्या सिंधुदुर्गात दुचाकीवाचून तरण्याताठ्या माणसाचे पान हलत नाही. माझ्या धाकट्या भावाला आकडी येते. वाडीतून फाट्यापर्यंत चढण चालायची, सकाळची एसटी चुकली की स्पेशल रिक्षा करायची आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचे तर थेट गोव्यात बांबोळी गाठायची. त्याला एकट्याला पाठवता येत नाही, म्हणून तिकिटे दोन आणि सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरीही बुडते. पैशांअभावी फेरी लांबणीवर पडली, गोळ्या संपल्या आणि अचानक बंद झाल्या, की फिट हमखास उलटते. एकदा गाडीतच आली, तेव्हा लोकांनी त्याच्या नाकाला चप्पल लावली आणि शुद्धीवर येताच वाहकाने आम्हांला मधल्याच थांब्यावर उतरवले.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ते असायलाच हवे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस आहेत, अपस्माराचे नाव मात्र नाही. प्रमाणपत्राची चौकशी करायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाबूने भावाला आपादमस्तक न्याहाळले आणि ‘हातपाय तर धडधाकट आहेत की’ म्हणून कागद परत सरकवला. आजार दिसत नाही म्हणजे नाहीच, असा यांचा हिशेब!

इंग्लंडमध्ये फिट आलेल्याला साधारण वर्षभर फिटविना गेल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. मात्र वैद्यकीय कारणाने परवाना नाकारला जाणाऱ्यांना तिथे बसचा मोफत पास मिळतो. बंदी आणि पास यांची अशी सांगड तिथे घालता येते, तर इथे का येऊ नये? आम्ही आलिशान गाडी मागत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला एसटीचा मोफत पास द्या, आणि जिथे एसटी पोहोचत नाही तिथल्या रिक्षाचे भाडे द्या.