कोणत्या ईश्वराविषयी साशंक राहायचे?

ईश्वराचे अस्तित्व सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, म्हणून साशंक राहणे हीच सर्वांत विवेकी भूमिका, हा नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही, याचा अर्थ दोन्ही शक्यता समसमान आहेत असा होत नाही; शिवाय आपण कोणत्या ईश्वराविषयी बोलत आहोत, हे आधी ठरवावे लागते. नवस बोलल्यावर आजार बरा करणारा ईश्वर हा पडताळून पाहता येण्याजोगा दावा आहे आणि तिथे मी सरळ नास्तिक आहे. विश्वाच्या मुळाशी एखादे चेतन तत्त्व आहे का, याचे उत्तर मात्र मला खरोखरच ठाऊक नाही (विश्वाच्या उत्पत्तीविषयीचे ऋग्वेदातील नासदीय सूक्तही तिथे थबकते, हे आस्तिकांनी विसरू नये).

लेखात श्रद्धा आणि आचार यांचीही गल्लत झाली आहे. आमच्या नाशिकला रामकुंडावर वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला आणि गुरुजींनी गोत्र विचारताच गोंधळून चुलत्यांकडे पाहणारा मुलगा आस्तिक असेलच असे नाही. मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांनी तर वेदप्रामाण्य आणि यज्ञकर्म मानूनही जगाचा कर्ता ईश्वर नाकारला होता.

राहता राहिला फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कलचा युक्तिवाद, की मानण्यात तोटा काहीच नाही. कोणता देव मानायचा हे तो सांगत नाहीच. आणि मानणाऱ्यांनाही केवढी किंमत मोजावी लागते, हे १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे प्रवेशासाठी सत्याग्रह करणाऱ्या दलितांना पुरते ठाऊक होते.